बायपोलरचा ऑनलाइन अभ्यासक्रम : फॉर्म भरण्याआधीपासून शेवटच्या कागदापर्यंत

बायपोलर म्हणजे मूड कधी फार चढतो, कधी फार उतरतो असा आजार. त्याची माहिती देणारा ऑनलाइन अभ्यासक्रम बरेच जण नेमक्या चुकीच्या वेळी सुरू करतात. मूड चढलेला असतो, रात्रीचा दीड वाजलेला असतो आणि सकाळपर्यंत आठच्या आठ भाग बघून संपलेले असतात. नाहीतर डिप्रेशन असतं. मग पहिला व्हिडिओ अर्धाच बघून होतो, डोक्यात काही शिरत नाही आणि न जमलेल्या गोष्टींच्या यादीत आणखी एक भर पडते. दोन्ही वेळा अभ्यासक्रमाला नावं ठेवली जातात.

दुसरा घोळ असा, की व्हिडिओ बघून झाले म्हणजे अभ्यासक्रम झाला असं धरलं जातं. आजाराबद्दलच्या अशा शिक्षणाला मनोशिक्षण म्हणतात आणि त्यातून हाती पाच कागद यायला हवेत : मूड चार्ट, आजाराचा आलेख, औषधांचं पान, स्वतःच्या इशाऱ्यांची यादी आणि कृती आराखडा. हे कागद झाले नसतील तर प्रमाणपत्र मिळूनही कोर्स अर्धाच राहिला समजा. पुढचे टप्पे त्या कागदांच्या क्रमानं लावले आहेत. क्रम बदलू नका. इशाऱ्यांची यादी आलेखातून निघते आणि आराखडा त्या यादीतून.

## टप्पा १ : आधी आजचा मूड पाहा

स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या मनोशिक्षणाच्या गट-कार्यक्रमात २१ सत्रं असतात, प्रत्येक ९० मिनिटांचं, गटात ८ ते १२ जण. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात किमान सहा महिने स्थिर असलेल्यांनाच घेतलं होतं. घरी बसून कोर्स करताना इतकं कडक राहायची गरज नाही, पण तत्त्व तेच. चढ किंवा उतार चालू असताना शिकलेलं टिकत नाही.

फॉर्म भरण्याआधी हे चार प्रश्न :

१. गेल्या चौदांपैकी बहुतेक रात्री नेहमीइतकी झोप झाली का?
२. गेल्या दोन आठवड्यांत औषधात मोठा बदल झालेला नाही ना?
३. दहा मिनिटं सलग वाचून त्यातल्या दोन गोष्टी दुसऱ्याला सांगता येतात का?
४. घरातलं किंवा जवळचं एक माणूस "सध्या ठीक चाललंय" असं म्हणतं का?

चौथा प्रश्न टाळायचा मोह सगळ्यात जास्त होतो आणि तोच सगळ्यात कामाचा आहे. हायपोमेनियात, म्हणजे सौम्य चढात, आपण आजारी आहोत असं वाटतच नाही, उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदा बरे झालोत असं वाटतं.

उत्तरं नीट जुळत नसतील तर लिंक जपून ठेवा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. तोवर फक्त टप्पा ५ मधला चार्ट भरत राहा, तो कुठल्याही मूडमध्ये भरता येतो.

सावध : मरणाचे विचार येत असतील तर अभ्यासक्रम बाजूला ठेवा. आपल्या डॉक्टरांना फोन करा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत, चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर बोला. तिथे मराठीत बोलता येतं. जिवाला तात्काळ धोका असेल तर ११२.

## टप्पा २ : डॉक्टरांना सांगा आणि कागद जमवा

पुढच्या भेटीत दोन मिनिटं काढून सांगा, की मी असा कोर्स करणार आहे. परवानगी मागण्याचा हा प्रश्न नव्हे. कोर्समध्ये औषधं, रक्ततपासण्या, गर्भारपण यांची माहिती येते, त्यातून प्रश्न उठतात आणि ते कुणाला कधी विचारायचे हे आधी ठरलेलं बरं असतं.

त्याच भेटीत निदान नेमक्या शब्दांत लिहून घ्या : बायपोलर वन की टू? वनमध्ये किमान एकदा मेनिया झालेला असतो, म्हणजे आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकलेला, किंवा रुग्णालयात न्यावं लागलं इतका तीव्र चढ. टूमध्ये हायपोमेनिया असतो, किमान चार दिवसांचा आणि सौम्य, आणि त्याच्या जोडीला डिप्रेशनचे मोठे उतार. टू म्हणजे 'हलका बायपोलर' नाही. उताराचा काळ त्यात फार मोठा असू शकतो.

औषधाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव असतं. त्याखालच्या बारीक अक्षरांतलं मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि शेवटची एसआर, ईआर, सीआर ही अक्षरं (औषध शरीरात हळूहळू सुटतं याची खूण) उतरवून घ्या. सोडियम व्हॅल्प्रोएट आणि डायव्हॅलप्रोएक्स ही दोन निराळी औषधं आहेत असं समजून गोंधळणारे पुष्कळ असतात. काम करणारा घटक एकच आहे, व्हॅल्प्रोएट. कोर्समध्ये फक्त मूळ नावं येतात, त्यामुळे ही यादी नसेल तर औषधांचा भाग डोक्यावरून जातो.

शेवटी सोबती ठरवा. एकच माणूस, जो आठवड्यातून एकदा दहा मिनिटं देईल. नवरा-बायको, बहीण, मित्र, कुणीही. ऑस्ट्रेलियातल्या एका आठ आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सच्या अभ्यासात, हा आजार सांभाळून नीट जगणाऱ्या सोबत्याचे ईमेल ज्यांना येत होते, ते एकट्यानं करणाऱ्यांपेक्षा जास्त टिकून राहिले. सोबत्याला आजारातलं फार कळायला हवं असं नाही. "या आठवड्यातला कागद दाखव" एवढं त्यानं विचारलं की भागतं.

## टप्पा ३ : अभ्यासक्रम निवडा

चांगल्या कोर्समध्ये पाच विषय असतातच : आजाराची ओळख, औषधं नियमित घेणं, दारू-नशेपासून दूर राहणं, पुढचा झटका लवकर ओळखणं, आणि दिनक्रम-ताण सांभाळणं. वेल्समधल्या कार्डिफच्या ऑनलाइन कार्यक्रमाचे आठ भाग होते. त्यांत घरच्यांसाठी आणि स्त्रियांच्या प्रश्नांसाठी वेगळे भाग होते, हे मुद्दाम सांगण्यासारखं. तुम्ही बघत असलेल्या कोर्सच्या विषयसूचीत 'लवकर ओळखणं' हा विषय दिसत नसेल तर तो कोर्स सोडा.

थेट सत्रं असतील तर चालवणाऱ्यांना तीन प्रश्न विचारा :

- सत्र कोण घेतं? मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट की सामाजिक कार्यकर्ता? भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको.
- गटात किती जण असतात? पंधराच्या वर असतील तर ते व्याख्यान झालं.
- सत्र चालू असताना कुणाची तब्येत बिघडली तर काय करता? नीट काम करणारे लोक पहिल्या सत्राआधीच तुमचं शहर आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर मागून घेतात. हा प्रश्न ऐकून समोरचा गडबडला तर काय ते समजा.

'औषधाविना कायमचा बरा', 'बायपोलर हे वरदान आहे' असल्या घोषणा, किंवा कोर्ससोबत पावडर-काढा विकत घ्यायचा आग्रह दिसला की टॅब बंद करा.

घड्याळ तपासा. ही चूक फार साधी आणि फार महागात पडणारी. लंडनमधलं संध्याकाळी ७ चं सत्र आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री ११.३० ला आणि हिवाळ्यात १२.३० ला सुरू होतं, कारण तिकडे मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळ बदलतं. झोप सांभाळायचा कोर्स करण्यासाठी दर आठवड्याला एक रात्र जागवण्यात काय हशील? उलट बाजूही आहे. कॅलिफोर्नियातल्या मराठी माणसासाठी पुण्याचं रविवारी सकाळी ११ चं सत्र शनिवारी रात्री साडेनऊ-साडेदहाला पडतं. अशा वेळी रेकॉर्ड केलेला कोर्स घ्या आणि थेट सत्राचा हट्ट सोडा.

## टप्पा ४ : वेळ, जागा, मोबाइल

आठवड्याला एक भाग. एका बैठकीत जास्तीत जास्त चाळीस मिनिटं. संध्याकाळी सातनंतर नाही. वही वापरा, कारण औषधांमुळे किंवा आजारामुळे लक्ष विरळ झालं असेल तर हातानं लिहिलेलंच टिकतं.

घरात एकच मोबाइल किंवा लॅपटॉप असेल तर कोर्ससाठी वेगळा ईमेल काढा. गटात फक्त पहिलं नाव ठेवा, आणि औषधांच्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नका. ऑफिसच्या ईमेलवरून नाव नोंदवणं ही नंतर परत घेता न येणारी चूक आहे.

व्हिडिओ १x वेगानंच बघा. कालपर्यंत हा वेग ठीक वाटत होता आणि आज असह्य हळू वाटतोय, बोट सारखं २x कडे जातंय, असं झालं तर व्हिडिओ थांबवून आधी मूड चार्ट काढा.

## टप्पा ५ : मूड चार्ट (पहिला कागद)

पहिला भाग बघण्याआधी चौदा दिवस चार्ट भरलेला हवा. रोज एक ओळ, रोज एकाच वेळी, दोन मिनिटांत. रात्रीच्या गोळीची वेळ सोयीची पडते. गोळी तोंडात, पेन हातात.

ओळीत एवढंच : तारीख, मूड (उणे ३ ते अधिक ३), चिडचिड (० ते ३), झोपलो कधी, उठलो कधी, औषध घेतलं का, आणि दिवसातली एखादी ठळक गोष्ट. स्त्रियांनी पाळीचे दिवस खुणेनं दाखवावेत. काही जणींचा मूड पाळीआधी ठरून हलतो आणि ते चार्टशिवाय कळत नाही.

आकड्यांना स्वतःचे अर्थ द्या, नाहीतर महिन्याभरात '+१' म्हणजे काय तेच विसरायला होतं. उदाहरणार्थ :

- ०: कामं होतात, कंटाळाही येतो.
- +१: जास्त बोलतो, नव्या कल्पना येतात, पण झोप ठीक.
- +२: झोप पाच तासांवर, खर्च वाढला, लोक 'हळू बोल' म्हणतात.
- +३: कामावर जाता येत नाही, घरच्यांशी भांडण, झोप जवळजवळ नाही.
- −१: सगळं ओढून करतो.
- −२: आंघोळ टळते, फोन उचलत नाही.
- −३: अंथरुणातून उठवत नाही, किंवा मरणाचे विचार.

भरलेली ओळ अशी दिसेल : '१४ तारीख, +१, चिडचिड २, झोप १२.४०, उठलो ५.५०, औषध हो, मामेबहिणीचं लग्न'.

चिडचिडीचा वेगळा रकाना बहुतेक तयार चार्टांत नसतो. तो स्वतः आखा. सगळेच चढ हसरे नसतात. मूडच्या रकान्यात ० आणि चिडचिड सलग तीन दिवस ३, हाही चढ असू शकतो, किंवा चढ-उतार एकत्र चालू असल्याची खूण.

नेहमीची चूक : रविवारी बसून आठवडाभराचं भरणं. त्यात रविवारचा मूड सातही दिवसांवर सांडतो. एखादा दिवस राहिला तर रिकामा सोडा. रिकामे दिवस वाढणं हीसुद्धा माहितीच.

## टप्पा ६ : आजाराचा आलेख (दुसरा कागद)

ए-फोर कागद आडवा धरा, मधोमध रेघ मारा आणि तिच्यावर वर्षं लिहा. चढ रेघेच्या वर, उतार खाली. उंची म्हणजे तीव्रता, रुंदी म्हणजे किती काळ टिकला. मग वेगळ्या रंगानं औषध कधी सुरू झालं, कधी सुटलं, कधी दवाखान्यात राहावं लागलं ते लिहा. तिसऱ्या रंगानं परीक्षा, नोकरी, बाळंतपण, स्थलांतर, जागरणं.

शेवटून सुरुवात करा, ताज्या वर्षापासून मागे. एका बैठकीत अर्धा तास, तेवढ्यात तीन वर्षंच झाली तरी पुरे. उताराच्या दिवशी हा कागद काढूच नका. त्या दिवशी सगळं आयुष्य रेघेच्या खालीच दिसतं. पैसे गमावले, नाती तुटली अशा जागा येतील तिथे फक्त खूण करा. तपशील लिहायची गरज नाही.

पूर्ण झाल्यावर दोन गोष्टी शोधा. औषध सुटल्यानंतर किती दिवसांत काय झालं? आणि चढ वर्षाच्या ठरावीक काळात येतो का? काहींचा चढ उन्हाळ्यात येतो, काहींचा गणपती-नवरात्रातल्या जागरणांच्या पाठोपाठ. कोर्समध्ये कारणं म्हणून जी यादी येते ती सर्वांसाठी असते. तुमची यादी या कागदावर आहे.

कारणांच्याच भागात बरेच जण 'माझ्या मुलाला होईल का' या प्रश्नावर अडकून कोर्स सोडतात. उत्तर थोडक्यात : पालकांपैकी एकाला बायपोलर असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के, म्हणजे बहुतेक मुलांना होत नाही. तेवढं लिहून पुढे चला.

## टप्पा ७ : औषधांचं पान (तिसरा कागद)

या भागाला दोन आठवडे द्या. एका पानावर प्रत्येक औषधासमोर लिहा : कशासाठी, किती वाजता, चुकलं तर काय, कुठलं लक्षण दिसलं तर त्याच दिवशी फोन. माहीत नसलेली चौकट रिकामी ठेवून डॉक्टरांकडे न्या. इंटरनेटवरून भरू नका.

लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध घेत असाल तर पुढचं नीट वाचा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

लिथियमची पातळी तपासायला रक्ताचा नमुना शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी. रात्री ९ ला गोळी घेतली असेल तर सकाळी ९ ला रक्त द्यायचं आणि सकाळचा डोस असेल तर तो रक्त दिल्यानंतर घ्यायचा. लोक सवयीनं सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये जातात, आकडा फुगून येतो आणि सगळेच घाबरतात. डोस बदलल्यावर पातळी ५ ते ७ दिवसांनी तपासतात, त्याआधीचा आकडा अर्धवट असतो. मूड स्थिर ठेवण्यासाठी ती साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात. तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील. परदेशी कोर्समध्ये एकक मिलिमोल असतं, आपल्या रिपोर्टवर मिलिइक्विव्हॅलंट. लिथियमसाठी दोन्हीतला आकडा एकच येतो, गुणाकार-भागाकार करू नका. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), थायरॉइड आणि कॅल्शियम साधारण दर सहा महिन्यांनी.

पाणी आणि मीठ. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. निर्जळी एकादशी, रोजे, जुलाब, भर उन्हातली पायी वारी, बीपीसाठी अचानक मीठ तोडणं, या प्रत्येक वेळी आधी डॉक्टरांशी बोला. रोजचा चहा-कॉफी एकदम बंद केली तरी पातळी वर जाऊ शकते.

अंगदुखीच्या गोळ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी लिथियमची पातळी वाढते. घरातल्या डब्यातली कुठलीही दुखण्याची गोळी घेण्याआधी पट्टीवरचं मूळ नाव वाचा. तापाला-दुखण्याला साधी पॅरासिटामॉल सहसा चालते. बीपीची काही औषधंही पातळी वाढवतात, म्हणून फॅमिली डॉक्टरांना लिथियमचं सांगितलेलं असलं पाहिजे.

सावध : हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, जीभ जड होणं, चालताना झोक जाणं ही लिथियम जास्त झाल्याची चिन्हं. पुढचा डोस न घेता लगेच रुग्णालयात जा आणि 'लिथियम चालू आहे' हे दारातच सांगा.

बाकीच्या औषधांचं थोडक्यात. लॅमोट्रिजिन ही मूड स्थिर ठेवणारी गोळी घेताना अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी फोन. ही गोळी सलग काही दिवस चुकली तर जुना पूर्ण डोस आपणहून परत सुरू करायचा नाही. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आणि पुढे मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण गर्भाला धोका असतो. पण घाबरून गोळी एकदम बंद करणंही तितकंच वाईट. डिप्रेशनची जुनी गोळी कपाटातून काढून, मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय सुरू केली तर मूड उलटा मेनियात जाऊ शकतो. दम्यासाठी किंवा त्वचेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या जात असतील तर बायपोलरचं सांगा.

घरात महिन्या-दोन महिन्यांचा साठा असेल तर तो सोबत्याकडे द्या आणि स्वतःजवळ आठवड्याचा डबा ठेवा. डब्याचा आणखी एक उपयोग : 'घेतली की नाही' हा प्रश्न कुणाला विचारावा लागत नाही, झाकण उघडलं की दिसतं.

## टप्पा ८ : दिवसातल्या पाच वेळा

याचा वेगळा कागद नाही, मूड चार्टच्या मागच्या बाजूला लिहा. पाच वेळा ठरवा : उठणं, कुणाशी तरी पहिलं बोलणं, काम किंवा अभ्यास सुरू करणं, रात्रीचं जेवण, झोपणं. प्रत्येक वेळ पाऊण तास मागेपुढे चालेल. सगळ्या एकदम सुधारायला जाऊ नका, दोन आठवडे फक्त उठण्याची वेळ धरा. झोपण्याची वेळ तिच्यामागून येते. उलटं केलं तर अंथरुणात पडून छताकडे बघणं तेवढं होतं.

झोप न लागणं आणि झोपेची गरजच न वाटणं यातला फरक शिका. रात्री चार तास झोपून दिवसभर डोळे चुरचुरत असतील तर ती निद्रानाशाची तक्रार. चार तास झोपून सकाळी तरतरीत, कामाला लागायला आतुर, हे सलग दोन दिवस झालं तर तो इशारा.

लग्न, विसर्जनाची रात्र, कोजागरी, रात्रीची बस, नाइट शिफ्ट, विमानप्रवास या गोष्टी टाळता येतीलच असं नाही. पण त्या चार्टवर आधीच लिहून ठेवता येतात आणि पुढच्या दोन रात्री मोकळ्या ठेवता येतात. नाइट शिफ्टबद्दल डॉक्टरांकडून कंपनीसाठी पत्र मिळू शकतं, त्यात निदान लिहायची सक्ती नसते.

## टप्पा ९ : इशाऱ्यांची यादी (चौथा कागद)

सगळा कोर्स या कागदासाठी असतो. घाईनं लिहिलेली यादी अशी दिसते : जास्त बोलणं, कमी झोप, चिडचिड. ती कुणाचीही असू शकते, म्हणून कुणाच्याच कामाची नाही.

इशारा असा लिहा की तो मोजता येईल आणि दुसऱ्यालाही दिसेल. 'जास्त बोलणं' याऐवजी 'रात्री अकरानंतर तिघांना फोन'. 'खर्च वाढतो' याऐवजी 'एका दिवसात तीन ऑनलाइन ऑर्डर'. 'आत्मविश्वास वाढतो' याऐवजी 'नोकरी सोडायचा मेल ड्राफ्टमध्ये'. उताराकडेही तसंच : 'उदास वाटतं' याऐवजी 'दोन दिवस तेच कपडे', 'आईचा फोन कट केला', 'डबा न खाता परत आणला'.

कृती अशी :

१. आलेखातले शेवटचे दोन चढ घ्या. प्रत्येकाच्या आधीच्या तीन आठवड्यांत काय बदललं ते आठवा. त्या काळातले मेसेज, बँकेचे व्यवहार, फोटोंच्या वेळा मदतीला येतात. रात्री तीनचे फोटो खोटं बोलत नाहीत.
२. सोबत्यानं स्वतःची यादी वेगळ्या खोलीत, तुमची न बघता लिहावी.
३. दोन्ही समोरासमोर ठेवा. दोघांच्या यादीत आलेले इशारे सगळ्यात भरवशाचे. फक्त त्याच्या यादीत असलेले तुम्हाला आतून न दिसणारे, म्हणून त्यांच्यावर वाद न घालता ते उतरवून घ्या.
४. तीन रकाने करा : अगदी सुरुवातीचे, मधले, उशिराचे. चढासाठी एक तक्ता, उतारासाठी दुसरा. प्रत्येक रकान्यात चारहून जास्त नकोत.

तपासा : सुरुवातीच्या रकान्यात 'पोलिस आले' किंवा 'कामावरून काढलं' असं काही असेल तर ते उशिराच्या रकान्यातलं. आणखी दोन आठवडे मागे जा.

आनंदाचा प्रत्येक दिवस इशारा नसतो, हेही याच बैठकीत घरी बोलून घ्या. जोरात हसलं की सगळे डोळे तुमच्याकडे, भांडण झालं की "गोळी घेतलीस का?", असं चालू राहिलं तर माणूस इशारे लपवायला शिकतो. एक वाक्य ठरवा, उदाहरणार्थ "कागद बघूया का?" यादीतले दोन इशारे दिसले तरच ते म्हणायचं, भांडणात नाही.

## टप्पा १० : कृती आराखडा (पाचवा कागद)

प्रत्येक रकान्यासमोर कोण, काय, किती वेळात, हे लिहा.

सुरुवातीचे दोन इशारे : रात्री दहाला स्क्रीन बंद, दुपारनंतर चहा-कॉफी नाही, चार दिवस बाहेरचे कार्यक्रम रद्द, चार्ट सोबत्याला रोज दाखवणं. मोठ्या निर्णयाला ४८ तास थांबायचं आणि दोन माणसांना विचारायचं. ४८ तासांत फरक नाही तर डॉक्टरांना फोन. फोनवर काय बोलायचं तेही लिहून ठेवा : "झोप तीन रात्री चार तासांवर, मूड +२, औषध चालू आहे."

मधले : त्याच दिवशी डॉक्टर. यूपीआय आणि कार्डाची मर्यादा सोबत्यासमोर कमी करायची, गाडीची किल्ली द्यायची. हे तब्येत चांगली असताना लिहून सही केलेलं असेल तरच त्या दिवशी पाळलं जातं. किती रुपयांची मर्यादा, किल्ली कुणाकडे, कधी परत मिळणार, सगळं लिहा. परत मिळण्याची अट नसेल तर तो आराखडा शिक्षा वाटतो.

उशिराचे : कुठलं रुग्णालय, सोबत कोण, मुलांकडे कोण, ऑफिसला काय सांगायचं. पूर्वी कुठलं औषध लागू पडलं, कुठलं सोसलं नाही.

उपचार कसे हवेत आणि कसे नकोत, हे आधीच लेखी ठरवून ठेवायचा अधिकार २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं सज्ञान व्यक्तीला दिला आहे. कायद्यातलं त्याचं नाव ॲडव्हान्स डायरेक्टिव्ह. आपल्या वतीनं निर्णयात मदत करणारी व्यक्तीही त्यात नेमता येते. तातडीच्या उपचारांना हा लेखी निर्देश लागू होत नाही. करायचा असेल तर डॉक्टरांना नमुना विचारा, आराखडा तयार असला की त्यातला अर्धा मजकूर आयता मिळतो.

## टप्पा ११ : मध्येच मूड हलला तर, आणि कोर्स संपल्यावर

चार्टवर सलग दोन दिवस ±२ आलं की नवा भाग बघणं थांबवा. चार्ट आणि आराखडा चालू ठेवा. पुन्हा दोन आठवडे स्थिर झाल्यावर जिथे थांबलात तिथून नाही, एक भाग मागून सुरू करा. मधला खंड म्हणजे नापास होणं नव्हे. उलट त्या दोन आठवड्यांत यादीतले किती इशारे खरे ठरले ते लिहून ठेवा, इतकी ताजी माहिती पुन्हा मिळणार नाही.

शेवटच्या भागातल्या प्रश्नमंजूषेचे मार्क फारसे काही सांगत नाहीत. खरी परीक्षा घरी घ्या : सोबत्याला सांगा, "समज, मी दोन रात्री झोपलो नाही, कागद काढ." एका मिनिटात कागद सापडला, डॉक्टरांचा नंबर त्यावर होता आणि रात्री तो उचलला जाणार नसेल तर पुढे कुणाला लावायचा हेही होतं, तर जमलं. बहुतेकांचा कागद पहिल्या खेपेला सापडत नाही. तो पीडीएफमध्ये असतो आणि पीडीएफ रुग्णाच्या कुलूपबंद फोनमध्ये.

म्हणून छापील प्रत औषधांच्या डब्यात, फोटो दोन माणसांच्या फोनमध्ये. वर तारीख. दर तीन महिन्यांनी आणि औषध बदललं की लगेच नवी प्रत. नवी लावली की जुनी डब्यातून काढून फाडा, नाहीतर रात्रीच्या घाईत मागच्या वर्षीचाच डोस वाचला जाईल.